ओढ्यापलीकडचा वर्ग

लेस्टिनाबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा. डेड्झाच्या डोंगरात अशी माणसं पायलीला पन्नास मिळतील. बाजारात बटाट्याची पोती उतरवतानासुद्धा बायका तिचंच कौतुक करत असतात. मी तिच्याबद्दल खरं तेच सांगेन, आणि ते सांगताना मला काय वाटतं तेही सांगेन. मला ती बघवत नाही, अगदी लहानपणापासून.

आम्ही एकाच वर्षी जन्मलो, मी ओढ्याच्या अलीकडे, ती पलीकडे. वयात आल्यावर मोठ्या बायकांनी आम्हा मुलींना एकाच झोपडीत बसवून नाच शिकवला. बाहेर आणल्यावर सगळ्या मुली सारख्याच नाचल्या, पण बायकांनी जिभा फिरवून ललकाऱ्या दिल्या त्या तिला पाहून. शाळेतही आम्ही एका बाकावर. माझं अक्षर छापल्यासारखं, तिचं वेडंवाकडं. तिच्या प्रत्येक एस या अक्षराला खाली एक शेपटी असायची, डुकराच्या शेपटीसारखी वर वळलेली. मास्तर बोटांवर पट्टी मारायचे. ती हात झटकायची, हसायची आणि पुन्हा शेपटी काढायची. मास्तर शेवटी दमले. ते अक्षर बघून वर्गातल्या मुली तिच्याभोवती जमायच्या आणि माझी स्वच्छ वही कुणी उघडूनही बघायचं नाही.

लग्नाचंही सांगून टाकते. माझा नवरा योतामू डोंगराच्या पलीकडच्या गावचा. त्याचा मामा मुलगी बघायला आला तो आधी लेस्टिनाच्या घरी गेला होता. तिचं ठरलेलं होतं, म्हणून तो ओढा ओलांडून आमच्याकडे आला. हे मला कुणी सांगायला हवं होतं का? पण तिच्या मावशीनं सांगितलं, आणि तेही माझ्या लग्नाच्या जेवणात, कोंबडीचा तुकडा चोखत.

पुढं लेस्टिनाचा नवरा जोहान्सबर्गला खाणीत कामाला गेला आणि तिकडचाच होऊन राहिला. ना पत्र, ना निरोप. दुसरी एखादी खचली असती. लेस्टिनानं तेलाची कढई घेतली, मांदासी तळायला लागली आणि मोटारतळावर विकायला बसली. त्या गोड वड्यांपेक्षा तिचं हसणं जास्त खपायचं, असं माझं मत आहे. ती तिकडे हसली की अलीकडे माझ्या चुलीपर्यंत ऐकू यायचं. तेव्हा मी मुद्दाम उखळात जोरानं मुसळ मारायची.

लढाईला भिऊन सीमेपलीकडून आमच्याकडे आलेली मोझांबिकची माणसं छावण्या मोडून त्यांच्या देशात परत गेली, त्या वर्षी आमच्याकडे मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवायचे वर्ग निघाले. गावोगावच्या बायकांतून शिकवणाऱ्या निवडल्या. अलीकडच्या वस्तीला मी आणि पलीकडच्या वस्तीला, दुसरं कोण असणार? शिबिराला आम्ही एकाच मोटारीतून गेलो आणि मी सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होते.

शिबिरात एक गोरी बाई आणि दोन आपले साहेब होते. मोठ्या माणसांना लेकरांसारखं शिकवू नका, म्हणाले. त्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घ्या. पहिल्या दिवशी सगळ्यांची नावं लिहा, कारण माणसाला सगळ्यात आधी आपलं नाव ओळखावंसं वाटतं. आणि वर्गात कुणी सासू नाही, कुणी सून नाही, कुणी मोठं नाही, कुणी धाकटं नाही. वर्गात सगळे फक्त शिकणारे. मी एकेक वाक्य लिहून घेतलं. लेस्टिना शेजारी बसून गोऱ्या बाईच्या केसांकडे बघत होती.

शेवटच्या दिवशी सामान वाटलं. पुस्तकं थोडी, खडूची एकेक पेटी, आणि आमच्या दोन वस्त्यांत मिळून फळा एकच. साहेब म्हणाले, तुम्ही दोघी आळीपाळीनं वापरा. ते बोलून पाठ फिरवतात तोच मी फळ्यावर हात ठेवला.

“माझ्याकडे पुरुषमाणूस आहे उचलायला,” मी म्हटलं. “ओढ्यातून रोज इकडून तिकडे नेताना फुटायचा.”

लेस्टिनानं फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ने बाई ने,” ती म्हणाली. “मला काय, जमीन आहे.”

फळा घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. पुन्हा मिळाला तरी मीच घेईन.

माझा वर्ग कचेरेच्या झाडाखाली भरायचा, दुपारी, शेतावरची कामं आणि भांडी उरकल्यावर. फळा जाड लाकडाचा होता. योतामू तो डोक्यावर घेऊन यायचा आणि बुंध्याला टेकवायचा. पहिल्या दिवशी फळा टेकवून तो मागंच बसला, तर मी म्हटलं, बसताच आहात तर शिका. तो पुढं येऊन बसला. आमच्याकडे या वर्गांना पुरुष येत नाहीत. बायकांत बसून अक्षरं गिरवायची त्यांना लाज वाटते. साहेब पहिल्यांदा पाहणीला आले तेव्हा योतामूला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. “पुरुष असलेला वर्ग! सगळ्या तालुक्यात हा एकच!” ते म्हणाले. मी मान खाली घातली, पण ओठ काही केल्या मिटेनात. लेस्टिनाच्या वर्गात एकही पुरुष नव्हता, हे मी त्या संध्याकाळी ज्याला त्याला सांगितलं.

पण मी वर्ग काढला तो पुरुषासाठी नव्हे. मी तो आईसाठी काढला होता.

माझी आई मलिता. सगळं आयुष्य तिनं दुसऱ्याच्या तोंडून वाचलं. दवाखान्याचा कागद, मुलाचं पत्र, पिठाच्या गिरणीवरची पाटी, काहीही आलं की ती हातात धरून वाट बघत उभी राहायची, कुणी वाचून देईल म्हणून. लहानपणी मी शाळेतून आल्यावर तिला वाचून दाखवायची तेव्हा ती माझ्या ओठांकडे बघायची. तेव्हापासून माझ्या मनात होतं, हिला मी शिकवणार. माझ्या आईच्या हातात पहिला खडू मी देणार. शिबिराला गेले तीसुद्धा एवढ्याचसाठी.

पहिल्या दिवशी आई नवं चितेंजे कमरेला गुंडाळून आली. सगळ्या बायकांच्या मागं, त्यांच्या पाठींच्या आडोशाला बसली, योतामूच्या नजरेला पडणार नाही अशी. आमच्यात सासू-जावयाचं असंच असतं. वाटेत समोर आला तर ती वाट सोडून गवतात उभी राहते. आईचं छप्पर तोच शाकारायचा, पण आई शेतात गेलेली असताना. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. चर्चमध्येही ती दोघं दोन टोकांना बसतातच.

मी शिबिरात सांगितल्याप्रमाणे सगळ्यांची नावं फळ्यावर लिहिली. पुरुष एकच, म्हणून मानानं त्याचं नाव सगळ्यांच्या वर. मी छडी लावत गेले आणि बायका एका सुरात म्हणत गेल्या: यो-ता-मू. मी स्वतः एरवी त्याला टिसुंगेचे बाबा म्हणते, पण त्या दिवशी मी बाई होते आणि वर्गात नाती नसतात. काही बायकांनी चितेंजेचं टोक तोंडाला लावलं. मला वाटलं, लाजताहेत. मग माझं लक्ष आईकडे गेलं. तिचे ओठ हलत नव्हते.

“आई, आता तू एकटी वाच,” मी म्हटलं आणि छडी पुन्हा पहिल्या नावावर ठेवली. “घाबरू नकोस. बघ, किती सोपं आहे.”

आई उठली. चितेंजेला लागलेली माती झटकली आणि घराकडे निघून गेली. योतामू जमिनीकडे बघत बसला. मी पुढचं नाव घेतलं.

संध्याकाळी मी तिच्या चुलीपाशी गेले. “काय झालं?” म्हणून विचारलं तर ती शेंगा सोलत राहिली. “तुला मी शिकवलेलं चालत नाही का?” त्यावर म्हणाली, “तुझा वर्ग चांगला आहे.” बस्स. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी मनाची समजूत घातली की म्हातारीला लेकीसमोर बसायची लाज वाटते, जिला चालायला शिकवलं तिच्या हाताखाली कशी बसेल. समजूत बरी होती. मग एक दिवस आई मक्याच्या पिठाचं भांडं घेऊन ओढा ओलांडताना दिसली. “कुठं?” विचारलं. “लेस्टिनाकडे,” ती म्हणाली. “वर्गाला.”

मी तिथंच उभी राहिले. कमरेवरची घागर किती वेळ धरली होती कोण जाणे.

माझ्या आईनं जगात कुणाहीकडे जावं, डेड्झाच्या मोठ्या शाळेत जावं, पाद्र्याकडे जावं. पण तिच्याकडे? ललकाऱ्या तिला, मामा आधी तिच्या दारात, आणि आता माझी आईही तिला? त्या रात्री मी मक्याची न्सिमा ताटात तशीच ठेवली. योतामू म्हणाला, “मी यायचं बंद करतो वर्गाला. फळा पोचवीन आणि जाईन.” मी त्याच्यावरच ओरडले. “म्हणजे साहेब आले की माझ्याकडे दाखवायला काय राहील?” तो हात धुवायला उठला. तो असाच आहे. बोलला तर एकदाच बोलतो.

लेस्टिनाच्या वर्गाच्या गोष्टी मग रोज कानावर यायला लागल्या. म्हणे ती साबणाच्या खोक्यांवर नावं लिहिते. म्हणे सुपाला मागून राख लावून त्यावर बोटानं अक्षरं काढायला लावते. म्हणे औषधाच्या बाटल्या, बियाण्याच्या पिशव्या, रेडिओच्या सेलांची वेष्टणं, जे सापडेल ते वाचायला देते. म्हणे वर्ग संपला तरी बायका उठत नाहीत. माझ्या वर्गातल्या दोघी “पोट दुखतंय” म्हणून गेल्या त्या तिकडेच दिसल्या. माझ्याही पोटात दुखत होतं, पण मला जायला कुठं जागा होती?

शेवटी मला राहवेना. वाटेत भेटेल त्याला शेळी हरवली असं सांगून मी एका दुपारी ओढा ओलांडला आणि तिच्या कणगीमागं उभी राहिले.

फळा नाही, पुस्तकं मिटलेली. बायका अंगणात गोल बसल्या होत्या आणि मधे जमिनीवर सगळं गाव मांडलेलं होतं. राखेची रेघ म्हणजे ओढा, भुसा म्हणजे वाट, दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं म्हणजे घरं. घरात जितकी माणसं तितके घेवड्याचे दाणे. बिघडलेल्या पंपाच्या जागी कोळसा. बायका रांगत रांगत घरं सरकवत होत्या आणि भांडत होत्या.

“माझं घर ओढ्यात घातलंस का गं? बुडवतेस मला?”

“तू तशीही बुडालेलीच आहेस. आधी माझी चाळण परत कर!”

आणि लेस्टिना, नवऱ्यानं टाकलेली, वेडंवाकडं लिहिणारी लेस्टिना, पितळी डूल हलवत मधे उकिडवी बसून सगळ्यांना आणखी चढवत होती. भांडण पंपावर आलं की ती खडूनं खोक्याच्या तुकड्यावर ‘पाणी’ लिहायची आणि कोळशाशेजारी ठेवायची. मग सगळ्या तो तुकडा हातात घेऊन बघायच्या. माझ्या वर्गात ‘पाणी’ हा शब्द पुस्तकाच्या पाचव्या पानावर होता आणि आम्ही अजून तिसऱ्यावर होतो.

मग नावांचे तुकडे वाटले. ज्या घराची जी माणसं, ती शोधून ठेवायची. आईचा नंबर आला. ती गुडघ्यांवर पुढं सरकली. आमच्या घरांपाशी आली, तुकड्यांतून एक उचलला आणि मोठ्यानं म्हणाली, “एनेलेसी.” माझं नाव. तो तुकडा तिनं आमच्या बुरकुंडापाशी ठेवला. मग टिसुंगेचं. मग तिनं आणखी एक तुकडा शोधला, बराच वेळ शोधला, आणि काही न बोलता माझ्या नावाशेजारी ठेवून त्यावर हात झाकला.

“मलिताकाकू, हे वाचा की!” एक नवी पोर म्हणाली. “न वाचता कसं कळणार बरोबर आहे का?”

“ए शहाणे,” लेस्टिना म्हणाली. “ते हातानं घेतलेलं नाव आहे. तुझी आई घेते का तुझ्या नवऱ्याचं नाव तोंडानं? जाऊन सांग बघू तिला घ्यायला!”

त्या पोरीनं जीभ चावली. बायका मांड्या थोपटून हसल्या. आई पण हसली, तोंडावर हात धरून. आणि मला माझा फळा दिसायला लागला.

माझ्याच हातांनी मी ते नाव सगळ्यांच्या वर लिहिलं होतं. भर सभेत, तो समोर बसलेला असताना, त्याच्या सासूला मी नावावर छडी ठेवून म्हटलं होतं की हे नाव घे, घाबरू नकोस, सोपं आहे. आणि ती माउली एक शब्द बोलली नव्हती, कारण ते सांगण्यासाठीसुद्धा तिला त्याच्याबद्दल बोलावं लागलं असतं.

बायका गेल्या. मी निघणार तोच आवाज आला.

“सापडली का शेळी, बाई? कणगीमागं तर नुसते उंदीर असतात.”

मी बाहेर आले. दुसरं काय करणार? “तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

“सगळ्या गावाला माहीत होतं. तुला आणि तुझ्या फळ्याला सोडून.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू बोलतेस कुठं माझ्याशी? बाजारात मला बघून मिठाचा भाव विचारायला वळतेस.” ती दाणे गोळा करायला लागली. मग थांबली. “आणि खरं सांगू, एनेलेसी? मला बरं वाटलं. शाळेत बक्षीस तुला. फळा तुला. मला आधी सांगून आलेला नवरा तुला, आणि तो तुझ्या घरात अजून आहे. निदान तुझी आई तरी माझ्याकडे आली. मी कशाला परत पाठवू?”

तिला माझा हेवा वाटत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आलं असतं तर मी इतकी वर्षं जरा आरामात झोपले असते. पण त्या क्षणी मला दया-बिया काही आली नाही. मला एवढंच दिसत होतं की तिच्या हातात घेवड्याचे दाणे आहेत आणि त्यांतला एक माझी आई आहे.

“मला माझी आई परत हवी,” मी म्हटलं.

“मग सोपं आहे.” तिनं दाणे फुंकले. “तुझा नवरा मला दे.”

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती पोट धरून हसली, अगदी ओढ्याअलीकडे ऐकू जाईल असं.

“वर्गात गं, वर्गात! तो इकडे आला की तिला तिकडे बसता येईल. तो असेपर्यंत ती तुझ्या झाडाखाली पाय ठेवायची नाही, तू काहीही कर. बघ बाई. नवरा ठेव, नाहीतर आई घे.”

घरी येऊन मी योतामूवर तुटून पडले. “तुम्हाला कळत होतं! बसून राहिलात! मला एका शब्दानं सांगितलं नाही!”

“कोणत्या तोंडानं सांगू?” तो म्हणाला. “तुझी आई माझ्यामुळं उठून गेली, हे मी माझ्याच तोंडानं बोलू? म्हणून तर म्हटलं होतं, मी येत नाही.”

“मग आता नुसतं घरी बसायचं,” मी म्हटलं. “वर्ग बंद.”

“मी शिकायचं सोडणार नाही आता,” तो म्हणाला. “पुस्तकाची तीन पानं झाली माझी.”

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? तालुक्यातला एकुलता एक पुरुष, ज्याच्यासाठी साहेबांनी टाळ्या वाजवल्या, तो मी उचलून लेस्टिनाला द्यायचा? त्याचा मामा ज्या दारात आधी गेला होता, त्याच दारात त्याला रोज दुपारी मीच पाठवायचं? ती उकिडवी बसणार, डूल हलवणार, त्याच्या बोटाला राख लावून सुपावर फिरवणार, आणि हसणार. मी तो विचार झटकून टाकला. आई तिकडे शिकते तर शिकू दे, म्हटलं. शिकण्याशी मतलब. असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते, आणि त्यातल्या एकाही दिवशी मला ते खरं वाटलं नाही.

मग एक सकाळ. मी आईकडे विस्तव आणायला गेले. ती चुलीपाशी वाकून राखेत बोटानं काहीतरी काढत होती, अगदी मन लावून, ओठ हलवत. माझी चाहूल लागली आणि तिनं झटकन तळहात फिरवून सगळं पुसून टाकलं. “काय गं?” म्हणाली, आणि हात मागं घेतला. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

आईनं माझ्यापासून अक्षरं लपवली. जिच्यासाठी मी वर्ग काढला तिनं मला दिसू नयेत म्हणून अक्षरं पुसली. विस्तव न घेताच मी परतले.

“टिसुंगेचे बाबा,” मी म्हटलं, “आजपासून तुम्ही ओढ्यापलीकडच्या वर्गाला जा.”

“आणि फळा कोण उचलणार?”

“मी.”

“बरं,” तो म्हणाला आणि लगेच आंघोळीचं पाणी काढायला गेला. माझं म्हणणं आहे, जरा थांबून बरं म्हणायचं होतं. शेतावरून आलेल्या माणसाला वर्गासाठी आंघोळ कशाला लागते? माझ्या वर्गाला तो तसाच, मातीच्या पायांनी यायचा.

दुपारी तो ओढा उतरून गेला. थोड्या वेळानं पलीकडून बायकांच्या ललकाऱ्या ऐकू आल्या, आणि त्यांवर तिचं हसणं. मी फळा डोक्यावर घेतला. मान मोडायची वेळ आली, तेव्हा कळलं की हा माणूस रोज काय उचलत होता. झाडापाशी पोचले तर आई आधीच येऊन बसली होती. मी काही सांगितलं नव्हतं, तिला कुणी बोलावलं नव्हतं. जावई ओढा उतरताना तिनं पाहिला असणार. आडोशाला नव्हे, अगदी पुढं बसली होती, तो बसायचा त्या जागी, तेच नवं चितेंजे नेसून.

मी फळा टेकवला. वर त्याचं नाव राहिलं होतं, ते कापडानं नीट पुसलं. ह्या दिवसाचा मी किती वर्षं विचार केला होता. मी खडू घेतला, आईपाशी गुडघे टेकून बसले आणि तिचा हात हातात घेतला. खरखरीत, कुदळीनं घट्टे पडलेला हात.

“हे बघ आई, खडू असा धरायचा,” मी म्हटलं. “पहिलं अक्षर आपण दोघी मिळून काढू.”

“सोड,” आई म्हणाली, अगदी हळू. “येतं मला.”

तिनं खडू घेतला, फळ्यापाशी गेली आणि लिहायला लागली. एकेक अक्षर काढून थांबायची, डोकं मागं घेऊन बघायची आणि पुढं जायची. पहिल्या दोन अक्षरांतच मला कळलं की ती काय लिहिते आहे. राखेत तिनं काय काढलं होतं, काय पुसलं होतं, तेही कळलं. एनेलेसी. आईनं मला दिलेलं नाव. बायकांनी ललकाऱ्या दिल्या; त्या अलीकडच्या होत्या, माझ्या वर्गाच्या, पलीकडे नक्की ऐकू गेल्या असतील.

आईनं शेवटून दुसरं अक्षर काढलं होतं ते एस. वळत खाली आलेलं, आणि तिथं न थांबता पुन्हा वर वळलेलं, डुकराच्या शेपटीसारखं. माझा हात कापडाकडे गेला. तो मी मागं घेतला, पण त्यासाठी मला फार जोर लावावा लागला.

आई फळ्यापासून बाजूला झाली. तिच्या बोटांना खडू लागला होता, कपाळालाही थोडा.

“बरोबर आहे ना, बाई?” तिनं विचारलं.

बाई म्हणाली मला माझी आई. सगळ्यांसमोर. आणि तेव्हाही माझे डोळे त्या शेपटीवरच होते.